हिवताप तुरळक असलेल्या भागात रॅपिड टेस्ट: प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी पायरीपायरीने

गडचिरोलीतल्या एखाद्या उपकेंद्रात पावसाळ्यात हिवतापाचं रॅपिड टेस्ट किट दररोज उघडलं जातं. आशाताईंचा हात त्यावर इतका बसलेला असतो की अंधुक रेषाही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सांगली, सातारा, सोलापूर किंवा मराठवाड्यातल्या कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत मात्र तेच किट कपाटात पडून राहतं आणि कधीतरी मुदत संपताना आठवतं. हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या केंद्रांसाठी आहे. वैद्यकीय अधिकारी, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, लॅब टेक्निशियन आणि आशा या सगळ्यांना उपयोगी पडेल अशा बेताने लिहिला आहे.

हिवताप कमी की जास्त हे एपीआय या निर्देशांकावरून ठरतं, म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षभरात सापडलेले रुग्ण. हा आकडा १ च्या खाली असेल तर तो भाग कमी प्रसाराचा मानतात. २०२७ पर्यंत देशात स्थानिक लागण शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत हिवतापाचं उच्चाटन करायचं, असं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. त्यामुळे अशा भागात सापडलेला एकेक रुग्ण मोलाचा असतो. तो नजरेतून सुटणं परवडत नाही, आणि नसलेला रुग्ण कागदावर आणणंही परवडत नाही.

किट तेच, अर्थ वेगळा

आधी थोडं गणित करू. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत. तापाचे १,००० रुग्ण आले आणि त्यात हिवतापाचे खरे फक्त २ आहेत. किट चांगलं आहे, हिवताप नसलेल्या १०० पैकी ९९ जणांना ते बरोबर ‘नाही’ म्हणतं. तरी उरलेल्या ९९८ जणांत साधारण १० जणांना ते चुकून पॉझिटिव्ह दाखवेल. एकूण १२ पॉझिटिव्ह आले, त्यातले खरे २. आता हेच किट अशा गावात न्या जिथे १,००० तापांत २०० हिवतापाचे आहेत. १०० पैकी ९५ खरे रुग्ण ते पकडतं असं धरलं तर १९० खरे सापडतील आणि खोटे पॉझिटिव्ह फक्त ८ असतील. किटमध्ये काहीही बदललेलं नाही, फरक आहे तो फक्त गावाचा.

म्हणून तुरळक भागात समोर येईल त्या तापाला किट लावत सुटलं की पॉझिटिव्हवरचा भरवसा उडतो. पण याचा अर्थ ‘आमच्याकडे हिवताप नाहीच’ म्हणून तपासणी बंद करायची असा नाही. माझं सूत्र सरळ आहे: काचपट्टी सगळ्या तापांची, किट निवडून. काचपट्टी, म्हणजे काचेवर रक्ताचा थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणं, सर्वेक्षणासाठी चालूच राहते. केंद्रात टेक्निशियन हजर आहे आणि निकाल २४ तासांत मिळतो, तर तीच मुख्य तपासणी. निकाल २४ तासांत मिळणार नसेल, मग ते उपकेंद्र असो, रविवार असो, रात्रीचा रुग्ण असो की पुरामुळे बंद पडलेला रस्ता, तिथे किट वापरायलाच हवं. राष्ट्रीय कार्यक्रमाची भूमिकाही हीच आहे. रुग्ण गंभीर दिसत असेल तर टेक्निशियन शेजारी बसलेला असला तरी किट लगेच लावा आणि सोबत काचपट्टीही घ्या.

पायरी पहिली: विचारपूस

किट उघडण्याआधीची ही दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची आहेत, आणि नेमकी तीच गर्दीत गळतात. ‘बाहेरगावी गेला होता का?’ असं विचारलं की लोक पटकन ‘नाही’ म्हणतात. लग्नाला, मजुरीला किंवा यात्रेला जाणं त्यांच्या लेखी बाहेरगावी जाणं नसतं. म्हणून असं विचारा:

– गेल्या महिनाभरात रात्री झोपायला घराबाहेर कुठे होता? गडचिरोली, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड, ईशान्येकडची राज्यं किंवा आफ्रिका असं उत्तर आलं की किट काढा.
– कामावर कोण कोण आहे आणि कुठून आलंय? बांधकामाची साइट, वीटभट्टी, ऊसतोडीची टोळी यांत नुसतं ‘मजूर’ लिहून भागत नाही, टोळी कुठल्या जिल्ह्यातली ते लिहा. बीडची टोळी आणि सातपुड्यातल्या दुर्गम पाड्यांवरून आलेली टोळी यांचा धोका सारखा नसतो.
– गेल्या वर्षभरात हिवताप झाला होता का? व्हायवॅक्स या जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनंतर पुन्हा डोकं वर काढतात. चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण केल्या होत्या का, हेही इथेच विचारा.
– या तापासाठी मेडिकलमधून काही घेतलं का? गेल्या महिन्यात हिवतापाचं औषध झालंय का? या उत्तराचा उपयोग पुढे निकाल वाचताना होतो.
– अलीकडे रक्त चढवलं होतं का?

प्रवास नाही, पण गावात नुकताच एखादा रुग्ण सापडलाय, किंवा ताप चार-पाच दिवस टिकलाय, थंडी वाजते आहे आणि दुसरं कारण सापडत नाही, तरीही किट लावा. ‘एक दिवसाआड थंडी वाजून ताप’ हे पुस्तकातलं चित्र दिसेपर्यंत थांबू नका. पहिल्या दिवसांत ताप रोजच येत असतो.

पायरी दुसरी: खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा

सरकारी कार्यक्रमात २०१३ पासून दुहेरी किट आलं. त्यात फाल्सिपेरम (पीएफ) या जातीच्या जंतूसाठी एक रेषा आणि व्हायवॅक्ससाठी (पीव्ही) दुसरी. फाल्सिपेरमची रेषा एचआरपी-२ नावाच्या प्रथिनावर उमटते, व्हायवॅक्सची एलडीएच या एन्झाइमवर. खासगी लॅबमध्ये मात्र बऱ्याचदा ‘पीएफ/पॅन’ प्रकारचं किट असतं. त्यातली पॅन रेषा सगळ्या जातींच्या जंतूंना उमटते. घोटाळा होतो तो इथे. दोन्ही टेस्ट रेषा उमटल्या तर पीएफ/पीव्ही किटमध्ये त्याचा अर्थ मिश्र लागण. पीएफ/पॅन किटमध्ये मात्र तो नुसता फाल्सिपेरमही असू शकतो किंवा मिश्रही. एखादा रुग्ण बाहेरचा रिपोर्ट घेऊन आला आणि त्यावर फक्त ‘मलेरिया पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असेल, तर किट कोणतं होतं आणि कोणती रेषा आली ते लॅबला फोन करून विचारा. रक्तातल्या अँटीबॉडी दाखवणारी किट निदानासाठी धरूच नका. ती जुन्या लागणीलाही पॉझिटिव्ह येतात.

रेषांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. सी म्हणजे कंट्रोल रेषेच्या शेजारी पीव्ही की पीएफ, हे पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही, दरवेळी कॅसेटवर छापलेलं बघा. थेंब किती आणि किती मिनिटांनी वाचायचं हेही तसंच. नवीन खोकं आलं की आतला कागद भिंतीवर चिकटवा आणि जुना काढून टाका.

पायरी तिसरी: प्रत्यक्ष तपासणी

सगळं सामान आधी टेबलावर मांडा: किट, बफर, लॅन्सेट, स्पिरिटचा बोळा, कोरडा कापूस, हातमोजे, दोन स्वच्छ काचपट्ट्या, पेन्सिल, घड्याळ आणि सुया टाकायचा डबा.

मुदत बघा. पाकीट फाटलेलं किंवा फुगवटा निघालेलं असेल तर ते बाजूला ठेवा. पाकीट फोडल्यावर आतली ओलावा शोषणारी पुडी बघा. पुडीने रंग बदलला असेल तर किट वापरू नका. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाकीट आधी फोडून ठेवणं म्हणजे किट वाया घालवणं. रुग्ण समोर बसला, विचारपूस झाली, की मगच फोडायचं. किट गार जागेतून काढलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

कॅसेटवर रुग्णाचं नाव किंवा नंबर लिहा. हे रक्त घालण्याआधी करायचं. एका वेळी चार मजूर रांगेत असतील तर नंतर कोणती कॅसेट कोणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

डाव्या हाताची अनामिका घ्या. बोटाचं टोक टाळून थोडं बाजूला टोचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं की थेंब पसरतो आणि झोंबतंही. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा. पुढचा थेंब किटसोबतच्या लूपने किंवा नळीने घ्या. बहुतेक किटांना ५ मायक्रोलिटर रक्त लागतं, म्हणजे अगदी टाचणीच्या डोक्याएवढं. जास्त घातलं तर निकाल लवकर येत नाही. उलट पट्टीचा मागचा भाग लाल राहतो आणि अंधुक रेषा त्यात बुडते. लूप रक्ताच्या खाचेतल्या पट्टीला अलगद टेकवा म्हणजे रक्त आपोआप शोषलं जातं.

त्याच टोचणीतून काचपट्टी करून घ्या. एकाच पट्टीवर जाड थर आणि पातळ थर. बोट पुन्हा टोचायची वेळ येऊ नये म्हणून हा क्रम.

बफरची बाटली उभी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. थेंब मोजून, बफरच्याच खाचेत. रक्ताच्या खाचेत बफर टाकणं ही सगळीकडे आढळणारी चूक आहे. दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या खोक्यातला बफर, सलाइन, पाणी यातलं काहीही चालत नाही. बफर संपला असेल तर त्या खोक्यातली उरलेली किट निरुपयोगी झाली असं समजा.

आता वेळ लिहा. कॅसेट सपाट जागेवर ठेवा, उचलू नका, पंख्याखाली ठेवू नका. कंपनीनुसार साधारण १५ ते २० मिनिटांनी वाचायचं असतं. मधल्या वेळात रुग्णाचं तापमान, नाडी, श्वासाचा वेग, रक्तदाब बघून घ्या. ठरलेल्या वेळेनंतर उमटलेली रेषा धरायची नाही. संध्याकाळी कपाट आवरताना सकाळच्या कॅसेटवर रेषा दिसली आणि रुग्णाला परत बोलावलं, असे प्रकार घडतात. ते टाळा.

लॅन्सेट लगेच सुयांच्या डब्यात. कापूस, कॅसेट आणि मोजे तुमच्या केंद्रातल्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या तक्त्याप्रमाणे.

पायरी चौथी: रेषा वाचणं

सी रेषा नसेल तर तपासणी बाद, टेस्ट रेषा कितीही ठळक असली तरी. नवीन किट घेऊन पुन्हा करा. सी रेषेचा अर्थ एवढाच की द्रव पट्टीवरून नीट वाहत गेला. रक्त पुरेसं पडलं होतं की नाही हे ती सांगत नाही.

टेस्ट रेषा अंधुक असली तरी पॉझिटिव्हच. ‘थोडंसं पॉझिटिव्ह’ असा निकाल नसतो. मात्र तुरळक भागात वाचणाऱ्याने वर्ष-दोन वर्षं खरी रेषा पाहिलेलीच नसते, आणि हीच मोठी अडचण आहे. म्हणून चांगल्या उजेडात, शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं वाचावं. रजिस्टरमध्ये ‘अंधुक’ किंवा ‘ठळक’ असा शेरा लिहावा. मोबाइलवर कॅसेटचा फोटो काढून ठेवावा, त्यात वेळ दिसेल असं घड्याळही घ्यावं. नंतर काचपट्टीशी निकाल जुळला नाही तर हा फोटो कामाला येतो.

पॉझिटिव्ह आल्यावर

पहिल्या गोळीआधी काचपट्टी झालेली असली पाहिजे. एकदा औषध पोटात गेलं की जंतू झपाट्याने कमी होतात आणि खरं-खोटं ठरवायची संधी निघून जाते. पण काचपट्टीच्या निकालाची वाट बघत औषध अडवून ठेवायचं नाही. पट्टी घ्या, औषध सुरू करा, निकाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळवा. टेक्निशियनला ‘हे किट पॉझिटिव्ह आहे’ असं सांगून पट्टी द्यावी की न सांगता, यावर मतभेद आहेत. मी सांगण्याच्या बाजूचा आहे, कारण जंतू विरळ असताना माणूस जास्त वेळ शोधतो. जाड थराची किमान १०० क्षेत्रं पाहिल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नाही.

किट पॉझिटिव्ह, पट्टी निगेटिव्ह आली तर काय? तीन शक्यता धरून चाला. पहिली, जुनी लागण. एचआरपी-२ हे प्रथिन जंतू मेल्यावरही रक्तात आठवडेच्या आठवडे राहतं. तीन आठवड्यांपूर्वी गावाकडे उपचार पूर्ण करून आलेला मजूर साध्या सर्दी-तापाने आला तरी पीएफची रेषा उमटू शकते. म्हणूनच आधी औषधाबद्दल विचारलं होतं. याच कारणाने ‘बरा झाला का’ हे बघायला हे किट पुन्हा लावायचं नसतं, त्यासाठी काचपट्टीच घ्यावी. दुसरी शक्यता, खोटा पॉझिटिव्ह. संधिवातात वाढलेल्या र्‍हूमॅटॉइड फॅक्टरसारख्या गोष्टींनी असं होतं. तिसरी, जंतू खरोखर आहेत पण पट्टीत सापडले नाहीत. पट्टी दुसऱ्या अनुभवी टेक्निशियनकडून तपासून घ्या आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांशी बोला. सुरू केलेले उपचार मध्येच तोडू नका.

उपचाराचं थोडक्यात. व्हायवॅक्सला क्लोरोक्विन एकूण २५ मिग्रॅ प्रति किलो, तीन दिवसांत विभागून, आणि प्रायमाक्विन ०.२५ मिग्रॅ प्रति किलो रोज, १४ दिवस. फाल्सिपेरमला एसीटी (आर्टेमिसिनिन गटाचं संयुक्त औषध), आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा ०.७५ मिग्रॅ प्रति किलोचा एकच डोस. मिश्र लागणीत एसीटी आणि १४ दिवस प्रायमाक्विन. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं यांना प्रायमाक्विन नाही. गरोदर बाईंच्या उपचाराचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच घ्यावा. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता (अशांच्या रक्तपेशी प्रायमाक्विनने फुटू शकतात) माहीत असेल तर तेही आधी सांगा. वयोगटाप्रमाणे गोळ्यांचा तक्ता आणि आपल्या भागासाठीचं एसीटी कार्यक्रमाकडून आलेल्या ताज्या सूचनांनुसारच पाळा.

चौदा दिवसांचा समूळ उपचार हाच सगळ्यात कच्चा दुवा आहे. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या पाचव्या दिवशी सुटतात. आशाताईंनी रोज नाही तरी एक दिवसाआड घरी जाऊन पाकिटातल्या गोळ्या मोजाव्यात. लघवी काळपट किंवा गडद लाल झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली तर गोळी थांबवून लगेच केंद्रात यायला सांगा. टोळी कारखाना बदलून पुढे निघाली तर पुढच्या केंद्राला फोन करा. कागद पोहोचायच्या आधी माणूस पोहोचतो.

शुद्ध हरपणं, झटके, काहीही पोटात न टिकणं, धाप, कावीळ, काळी लघवी, पांढरेफटक पडणं, लघवी कमी होणं यातलं एकही लक्षण असेल तर रुग्ण केंद्रात ठेवू नका. साखर तपासा, आर्टेसुनेटचा पहिला डोस इंजेक्शनने द्या आणि १०८ बोलवा.

यापुढचं काम केंद्राबाहेरचं. चीनने उच्चाटनाच्या शेवटच्या टप्प्यात १-३-७ असा नियम लावला होता: एका दिवसात कळवणं, तीन दिवसांत रुग्णाची चौकशी, सात दिवसांत परिसरात कारवाई. तुरळक भागात हा वेग आपल्यालाही जमण्यासारखा आहे, कारण रुग्णच मोजके असतात. आरोग्य सेवकाने घरी जाऊन एकच गोष्ट नीट शोधायची: लागण इथे झाली की बाहेरून आली? बाहेरून आली असेल तर सोबत प्रवास केलेल्या सगळ्यांची तपासणी करा, ताप असो वा नसो. प्रवास नसेल तर गोष्ट गंभीर आहे, कारण इथल्याच डासाने ती पसरवली. घरातले, शेजारचे आणि गेल्या महिन्यातले तापाचे सगळे रुग्ण पुन्हा तपासा. शहरी वस्तीत आणि बांधकामांवर अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी टाक्या, पिंपं आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. खेड्यात क्युलिसिफेसीस कालव्याच्या पाझराचं पाणी, ओढ्यातली डबकी अशा जागा धरतो. गोव्यात बांधकाम मजुरांना हेल्थ कार्ड देऊन रक्ततपासणीशी जोडलं गेलं. आपल्याकडे एखादा मोठा प्रकल्प चालू असेल तर ठेकेदाराला बसवून असंच काही ठरवता येतं.

निगेटिव्ह आल्यावर

निगेटिव्ह म्हणजे हिवतापाची गोळी द्यायची नाही. ‘असू दे, देऊन टाकू’ ही जुनी सवय आता सोडायची. पण किट निगेटिव्ह म्हणून हिवताप नाहीच, असंही नाही. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण २०० जंतू असले तर चांगलं किट भरवशाने पकडतं, त्याखाली सुटण्याची शक्यता वाढत जाते. तुरळक भागातल्या माणसाला हिवतापाची प्रतिकारशक्ती नसते, त्यामुळे तो थोड्या जंतूंनीही तापतो आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशीच आपल्याकडे येतो. व्हायवॅक्समध्ये हे जास्त घडतं. गरोदरपणात जंतू वारेत दडून बोटाच्या रक्तात कमी दिसतात. काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये एचआरपी-२ बनवणारं जनुकच नसतं. असे जंतू भारतातही काही राज्यांत सापडले आहेत, आणि आफ्रिकेतल्या एरिट्रियासारख्या देशात तर त्यापायी किटच बदलावं लागलं. उलट टोकाला, जंतूंची संख्या प्रचंड असली तर रेषा फिकी पडू शकते.

म्हणून संशय दाट असेल तर १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा तपासा, असं दोन-तीन दिवस, आणि दरवेळी काचपट्टीसह. प्रवासाचा ठोस इतिहास आणि गंभीर लक्षणं असतील तर एका निगेटिव्ह किटवर विसंबून रुग्णाला घरी पाठवू नका.

बाकीच्यांसाठी खरा प्रश्न आता सुरू होतो: मग ताप कशाचा? पावसाळ्यात आणि नंतर डेंगी, चिकुनगुन्या. कोकणात आणि मुंबईत चिखलपाण्यात काम केलेल्याला लेप्टो. गवतात, शेतात वावरणाऱ्याच्या काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली काळी खपली शोधा, स्क्रब टायफस असू शकतो, आणि तो डॉक्सिसायक्लिनला चटकन ऐकतो. टायफॉइड, फ्लू, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग हेही आहेतच. ‘मलेरिया निगेटिव्ह’ लिहिल्यावर त्याच ओळीत दुसरं संभाव्य निदान लिहायची सवय लावा. मोकळी जागा राहिली तर ती अँटिबायोटिकने भरली जाते.

कपाटातली किट आणि हातातलं कसब

तुरळक भागात किट संपण्यापेक्षा वाया जाण्याचा धोका मोठा. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे ठेवा. मुदतीला चार-सहा महिने उरले असतील आणि वापर दिसत नसेल तर जिल्ह्याला कळवून जास्त वापर असलेल्या केंद्राकडे वळवा. पाकिटावर लिहिलेलं कमाल तापमान बघा, काहींना ३० अंश, काहींना ४० अंश. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४० च्या वर सहज जाते, मोटारसायकलची डिकी तर त्याहून तापते. किट औषधांच्या सगळ्यात गार खोलीत ठेवा, पण गोठवू नका. शेजारी साधा थर्मामीटर टांगून रोज दुपारचं तापमान लिहा. खोकं फार तापलं अशी शंका असेल तर वापरण्याआधी जिल्ह्याकडे विचारा.

कसब टिकवण्यासाठी जूनच्या आधी, पाऊस सुरू होण्यापूर्वी, तासाभराची उजळणी ठेवा. मुदत संपलेली किट यासाठी बाजूला काढून ‘फक्त सराव’ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवावीत. आशा, सेविका, सीएचओ सगळ्यांनी एकेकदा हाताने करून बघावं. जिल्हा प्रयोगशाळेकडून जंतू असलेल्या जुन्या काचपट्ट्या मागवून टेक्निशियनला दाखवा. पाच वर्षांत व्हायवॅक्स न पाहिलेल्या डोळ्याला तो पहिल्या फटक्यात ओळखू येत नाही. आणि जिथे जास्त रुग्ण असतात अशा जिल्ह्यात टेक्निशियनला पावसाळ्यात आठवडाभर पाठवता आलं, तर वर्गातल्या प्रशिक्षणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.